नाथसागराकाठची नवी गावठाणे



पैठणची वाट आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. कोणी नाथषष्ठीला जातो, कोणी दहाव्याला गोदाकाठी जातो, कोणी लेकीच्या लग्नाची पैठणी पाहायला, तर कोणी मुलाबाळांना ज्ञानेश्वर उद्यान दाखवायला. छत्रपती संभाजीनगरहून निघावे, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन मागे टाकावे, आणि पन्नासेक किलोमीटरवर गोदामाईला अडवून बसलेली धरणाची लांबच लांब भिंत दिसावी. तिच्याआडचा नाथसागर पाहिला की "केवढे हे पाणी!" असे उद्गार आपसूकच तोंडून निघतात.

आज मी आपल्याला त्याच वाटेने नेणार आहे. मात्र उद्यानात थांबायचे नाही. या पाण्याखाली ज्यांची गावे गेली ती माणसे आज कोठे राहतात, कशी पिकवतात, आणि त्यांच्याविषयी आपण पारावर बसून जे बोलतो त्यात खरे किती, ते पाहायचे आहे. कृषी विस्ताराच्या नोकरीत माझी तीसेक वर्षे या भागात गेली. पीक पाहायला गेलो आणि माणसे पाहून आलो, असे कितीतरी वेळा झाले. त्या फिरतीत जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

धरण आले आणि गावे उठली

जायकवाडी हे नाव खरे म्हणजे बीड जिल्ह्यातल्या एका गावाचे. निजामाच्या काळात धरणाचा विचार झाला तो त्या गावाजवळ. पुढे जागा बदलून वर पैठणला आली, नाव मात्र तेच राहिले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, तिला 27 दरवाजे. पूर्ण भरले तर सुमारे 102 टीएमसी पाणी मावते. डावा कालवा 208 किलोमीटरचा, तो परभणीकडे जातो. उजवा 132 किलोमीटरचा, तो बीडकडे वळतो. संभाजीनगर शहराचे नळ, वाळूजचे कारखाने, जालना-परभणीकडचा ऊस, कापूस, गहू, हे सारे या पाण्यावर.

आता दुसरी बाजू पाहा. धरण भरले की सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली जाते. एकरांत मोजली तर ती ऐंशी हजारांच्या पुढे भरते. आणि ही जमीन माळरानाची नव्हती. गोदावरी आणि प्रवरेच्या काठची, पुराने आणलेल्या गाळाची, खोल काळी जमीन ती. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे या पाण्याने बाधित झाली. काही पूर्ण उठली, काहींचे गावठाण राहिले पण शिवार गेले. संभाजीनगरहून अहिल्यानगरच्या रस्त्याने गेलात तर जुने कायगाव, नवीन कायगाव अशी जोडनावे ऐकू येतात. ही जोडनावे आपण सहज बोलून जातो. त्यामागे एका गावाची दोन आयुष्ये आहेत हे ध्यानात येत नाही.

नवे गावठाण ओळखावे कसे?

अनोळखी माणसालाही ते चटकन ओळखू येते. जुन्या गावाच्या गल्ल्या वेड्यावाकड्या असतात; घर वाढले, भाऊ वेगळे झाले, तशी भिंत सरकत गेलेली असते. नव्या गावठाणात रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, चौकोनी प्लॉट, एकाच वयाची लिंबाची झाडे. जुन्या गावात देऊळ आधी आणि घरे त्याच्याभोवती. इथे घरे आधी बसली, देवाला जागा मागाहून शोधली गेली.

अशाच एका गावठाणात एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारले, "बाबा, सगळं गाव एकत्रच आलं का इकडं?" ते म्हणाले, "साहेब, गाव उचलून आणलं, शिवार मात्र तिथंच राह्यलं." शेतकऱ्याला यापुढे अधिक काही सांगायला नको. घर कोठेही बांधता येते. पण कोणत्या वावरात कोणत्या नक्षत्राला वापसा येतो, कोणत्या विहिरीला चैतातही पाणी टिकते, कोणत्या बांधावरचा आंबा आधी पिकतो, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येते. गाव उठले की ते ज्ञान एका दिवसात निरुपयोगी होते.

पावसाने दगा दिलेल्या वर्षी, उदाहरणार्थ 2019 च्या उन्हाळ्यात, नाथसागराचे पाणी फार खाली गेले. असे पाणी उतरले की बुडालेल्या गावांची जोती, देवळांचे दगड, विहिरींचे कठडे उघडे पडतात. मग नव्या गावठाणातली म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन तिकडे जातात आणि "इथं आपला वाडा होता, इथं तुझ्या पणजीची चूल होती," असे दाखवतात. उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते. ही जमीन हंगामापुरती भाड्याने दिली जाते आणि देताना मूळ मालकांना अग्रक्रम असतो. आपल्याच बापजाद्यांच्या वावरात भाडे भरून हरभरा पेरायचा आणि पुढल्या पावसात ते पुन्हा पाण्याला द्यायचे, हे कसे वाटत असेल याचा विचार करून पाहा.

"जमिनीला जमीन मिळाली की!"

हा पहिला गैरसमज, आणि तो शेतकऱ्यांनीच बाळगावा याचे मला नवल वाटते. एकराला एकर म्हणजे सारखेच, असे आपण म्हणतो का? बांधापलीकडच्या भावाशी वाटणी करताना तर वीतभर काळ्या मातीसाठी आपण मोजणीदार आणतो!

जरा हिशेब मांडू. मीटरभर खोलीच्या काळ्या जमिनीत पिकाला उपयोगी पडेल अशी ओल साधारण 150 ते 200 मिलिमीटर पावसाइतकी साठते. म्हणून तर गोदाकाठी पावसाळा संपल्यावर पेरलेली शाळू ज्वारी एकाही पाण्यावाचून कणसाला येत असे. वीतभर खोलीच्या मुरमाड जमिनीत ही ओल जेमतेम 30 ते 40 मिलिमीटर मावते. वाढीच्या काळात पीक रोज चार-पाच मिलिमीटर पाणी ओढते. म्हणजे आठ दिवस पावसाने ओढ दिली की पीक माना टाकते. काळ्या जमिनीतला कास्तकार त्याच उघडिपीत निवांत खुरपणी करत असतो.

नदीकाठून उठलेल्या पुष्कळ कुटुंबांच्या वाट्याला अशीच हलकी, चढावरची जमीन आली. सात-बारावर एकर तेच दिसले; रब्बी मात्र गेली. ज्याच्या घरी कणग्यांत वर्षाची ज्वारी असे, त्याने बाजरी-मटकीवर भागवायला शिकायचे आणि उरलेले महिने मजुरी शोधायची. ज्यांना जमीन मिळालीच नाही, ज्यांनी पैसे घेतले, त्यांची गोष्ट आणखी वेगळी.

"पैसा तर पोत्याने मिळाला!"

समृद्धी महामार्गाच्या मोबदल्याच्या गोष्टी अलीकडे आपण सर्वांनी ऐकल्या. त्यावरून लोक समजतात की धरणवाल्यांनाही असेच मिळाले असेल. जायकवाडीची जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्याने घेतली गेली. त्या कायद्यात भाव धरला जाई तो संपादनाची पहिली अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. वाढीव मोबदला हवा तर कोर्टाची पायरी चढावी लागे. मोबदला बराच वाढवून देणारा नवा केंद्रीय कायदा झाला 2013 साली आणि तो लागू झाला 1 जानेवारी 2014 पासून. तोवर नाथसागर भरून अडतीस वर्षे होत आली होती.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा 1976 चा. म्हणजे धरणाचे उद्घाटन झाले त्याच वर्षीचा. पुढे 1986 आणि 1999 साली तो सुधारून नव्याने केला गेला. याचा अर्थ असा की ज्यांच्या दुःखावरून राज्य कायदा करायला शिकले, त्यांची गावे कायदा यायच्या आतच उठली होती.

आणि पैशाचे म्हणाल, तर रोख रक्कम हाती आलेल्या घराची कथा आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आधी घर बांधायचे, मग लेकीचे लग्न, मग जुने देणे. जमीन दरवर्षी देते, पैसा एकदाच येतो. ज्यांच्या नावावर सात-बाराच नव्हता, त्या सालगड्यांना, बलुतेदारांना, काठावर मासे धरणाऱ्यांना तर जमिनीचा मोबदलाही नाही. ज्या गावाला त्यांची गरज होती ते गावच चार ठिकाणी विखुरले. सुताराचे गिऱ्हाईक गेले, भोयाची नदी गेली. घरच्या बायकांचे नाव कागदावर नव्हते, त्यामुळे पैसा कोठे खर्च झाला हे त्यांना विचारायची पद्धतही नव्हती.

"नोकऱ्या यांनाच!"

हा तिसरा गैरसमज तरुण मुलांच्या तोंडी असतो. प्रकल्पग्रस्तांना वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या सरकारी भरतीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरे. पण त्यासाठी दाखला लागतो. परीक्षा सर्वांसारखीच द्यावी लागते. शिवाय महाराष्ट्रात धरणे, कालवे, वीजकेंद्रे, वसाहती यांसाठी उठलेली कुटुंबे किती, आणि जागा किती! एका घराला एका दाखल्याचा लाभ. भाऊ चार असतील तर तो कोणी घ्यायचा यावरून घरात भांडणे लागलेली मी पाहिली आहेत.

दाखल्यावरून आठवले. शुद्धिपत्र मागायला आळंदीहून चार भावंडे आली ती याच पैठणला. आपल्याच माणसांत राहू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. आज आपण त्यांची पालखी खांद्यावर घेतो. त्या वेळी गावाने त्यांना दारात उभे केले नव्हते. बाहेरचा म्हणून कोणाला दूर बसवण्याआधी ही गोष्ट मनात आणावी.

"हे बाहेरचे लोक"

बाहेरचे म्हणजे किती बाहेरचे? पुष्कळ गावठाणे मूळ गावापासून बैलगाडीच्या वाटेवर आहेत. तालुका तोच, बोली तीच, नाथषष्ठीची दिंडी तीच. तरी दोन पिढ्या झाल्या, गावात त्यांचा उल्लेख "पुनर्वसनवाले" असाच होतो. शिवाराच्या बैठका घेताना मी पाहतो, एका सतरंजीवर जुने गाव बसते आणि मागे, दाराजवळ, नवे गावठाण. योजना जाहीर होते पुढच्या रांगेत. मागे पोचेपर्यंत अर्जाची मुदत संपलेली असते. "ते आपल्यातच राहतात, मिसळत नाहीत," ही तक्रार मग कोणत्या तोंडाने करायची?

मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ज्या गावात ही कुटुंबे आली त्या गावाचेही काही गेले. गुरे चारायची जागा कमी झाली, काहींची जमीन पुनर्वसनासाठी घेतली गेली, एका विहिरीवर दुप्पट घागरी आल्या. त्यांचा राग अगदीच खोटा नाही. परंतु तो राग कोणावर काढायचा? आलेल्याने जागा निवडली नव्हती, आणि असलेल्याला कोणी विचारले नव्हते. गावठाणात रस्ता, शाळा, पाणी, स्मशानभूमी या नागरी सुविधा पुऱ्या झाल्या नाहीत की भार शेजारच्या गावावर पडतो आणि दोन गरीब एकमेकांशी भांडत बसतात. ग्रामसभेत दोघांनी मिळून त्या मागितल्या तर भांडणाचे निम्मे कारण उरत नाही.

हे काही पैठणपुरते नाही

आपल्या जिल्ह्याने तर उठून जाणे शतकांपूर्वीच पाहिले. 1327 साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेला आणली आणि माणसांना हजार-बाराशे किलोमीटर चालवले. काही वर्षांनी परत फिरायची मुभा दिली. किल्ला पाहायला जातो तेव्हा आपण तोफा मोजतो, त्या पायपिटीची आठवण फारशी कोणी काढत नाही.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण केले. तेव्हाही लोक म्हणत, "हे आता कायमचे सरकारच्या जिवावर खाणार." आज उल्हासनगरचा व्यापार सर्वांना माहीत आहे. आपल्या मराठवाड्याच्या शहरांतही सिंधी दुकानदार शेजारी झाला, तो कोठून आणि काय सोडून आला हे आपण विसरलो. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली शेतकरी कुटुंबे जुन्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीकडे, वसवली गेली. भातशेती आणि मासळी ही त्यांची विद्या. 1972 साली आजच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. हिवाळ्यात शहरात स्वेटर विकणारे तिबेटी आपण पाहतो. त्यांच्यातही शेती करणारे आहेत हे किती जणांना ठाऊक असते?

देशाची सीमा ओलांडून जीव वाचवायला आलेला तो निर्वासित, आणि आपल्याच देशात घर सुटलेला तो विस्थापित. कागदावर हा फरक मोठा आहे, कारण हक्क त्यावर ठरतात. 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, तरी आपण तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ अशा अनेकांना थारा दिला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या मोजणीनुसार 2024 च्या अखेरीस छळ, युद्ध आणि हिंसेमुळे घर सुटलेली माणसे जगात 12 कोटी 32 लाख होती, आणि त्यांतली 7 कोटी 35 लाख स्वतःच्याच देशात विस्थापित होती. धरणाने उठलेले यात धरलेले नाहीत. सगळे निर्वासित श्रीमंत देशांत जातात, हाही गैरसमजच. चारांतले जवळजवळ तीन गरीब आणि मध्यम मिळकतीच्या देशांत आसरा घेतात. म्हणजे जगातही आपल्यासारख्या साध्या गावांवरच हा भार पडतो, आणि तीच गावे तो निभावतात.

आपण काय करावे?

भाषण पुरे, कामाचे बोलू.

आपल्या गावात किंवा शेजारी नवे गावठाण असेल तर ग्रामसभेची दवंडी, आजच्या भाषेत मोबाईलवरचा निरोप, तेथेही पोचतो की नाही ते पाहा. बियाणे, ठिबक, शेततळे यांच्या अर्जाची तारीख त्यांनाही कळू द्या. शेतकरी गट करताना दोन्हीकडचे सभासद घ्या, बचतगटात दोन्हीकडच्या बायका घ्या.

पुनर्वसनाच्या जमिनी बहुधा भोगवटादार वर्ग 2 च्या असतात, विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कोणी अडीअडचणीत सापडला म्हणून साध्या कागदावर अशी जमीन लिहून घेऊ नका. त्याचेही नुकसान आणि घेणाऱ्याचेही.

हलक्या जमिनीवर बसलेल्या बांधवांनी एकट्या बाजरीवर विसंबू नये. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ धरावी. पाऊस हुकला तर तूर हात देते. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती आणि शेणखत यांनी ओल टिकते. सीताफळ आणि बोर ही मुरमाड रानात येणारी झाडे आहेत. आणि ज्यांच्याकडे काळी जमीन आहे त्यांनी या प्रयोगांना हसू नये. चार पिढ्यांचे ज्ञान मागे सोडून आलेला माणूस नव्या मातीत नव्याने शिकत असतो, आणि त्याच्याकडून आपल्यालाही शिकता येते. नव्या गावठाणांतल्या काही घरांनी खडकाळ चढावर ज्या बागा उभ्या केल्या आहेत, त्या पाहून मी स्वतः इतर गावांत सांगत आलो आहे.

शाळेत मुलांना नाथसागराची सहल नेता, तेव्हा गुरुजींनी धरणाची उंची आणि दरवाजे सांगितल्यावर बुडालेल्या गावांची नावेही सांगावीत. वर्गातच त्या गावांची नातवंडे बसलेली असतील. एखाद्या आजोबांना शाळेत बोलवावे, त्यांना बोलू द्यावे.

आणि शेवटचे. रस्ता, कारखाना, धरण, भूकंप, दुष्काळ, यांतले काय कोणाच्या वाट्याला कधी येईल हे कोणी सांगावे? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत किल्लारीकरांनाही वाटत नव्हते की आपले गाव दुसरीकडे बसेल. बिडकीनच्या शिवारात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, त्या तर आपल्या डोळ्यांदेखत. उद्या आपल्या दारात मोजणीचे खांब आले आणि आपण परक्या गावात प्लॉट नंबरवर राहायला गेलो, तर तिथल्या लोकांनी आपल्याशी कसे वागावे असे आपल्याला वाटेल? तसेच आज आपण वागावे.

कालव्याला पाणी सुटले आणि दारे धरायला रात्री शिवारात गेलात की त्या पाण्याकडे क्षणभर पाहा. ते ज्यांच्या वावरांवरून आले त्यांची घरे आपल्या शेजारीच आहेत. पुढच्या बैठकीला त्यांना आपल्या सतरंजीवर, आपल्या रांगेत बसवा.